गुलवाच्या धक्क्यावर अण्णांचा गळ

आईवडील ऑस्ट्रेलियात आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची आमच्या इथल्या मराठी मंडळींत एक ठरलेली यादी आहे. सिडनीची ती शिडांच्या छपराची इमारत, मेलबर्नजवळचा समुद्रकाठचा रस्ता, कोआलाला मांडीवर घेऊन फोटो. माझे वडील, म्हणजे अण्णा, जुलैत आमच्याकडे आले तेव्हा मीही ही यादी त्यांना मोठ्या हौसेने वाचून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इमारत कशापायी बघायची? आपल्याला ऱ्हायचं हाय का तिच्यात?"

यादी संपली.

अण्णा बहात्तर वर्षांचे. आम्ही भीमेकाठचे भोई. अण्णा ऐन तारुण्यात असताना उजनी धरणाचं पाणी फुगत आलं आणि आमचं गाव मागे सरकलं, पण अण्णा काही पाण्यापासून सरकले नाहीत. पन्नास वर्षं त्यांनी त्या फुगवट्यात जाळी टाकली. त्या माशांवरच मी पुण्याला इंजिनिअरिंग शिकले आणि आता अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्समध्ये बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. आईने विमान हा शब्द ऐकूनच हात जोडले होते, त्यामुळे अण्णा एकटेच आलेले. आल्या दिवसापासून त्यांचं एक पालुपद होतं: "एकदा बघितलं, झालं. पुन्हा काय यायचं? हितं माझं काय काम?"

हे 'काय काम' मला फार लागत होतं. परतीला तीन आठवडे उरले होते आणि मला त्यांच्या तोंडून फक्त एकदा ऐकायचं होतं की मी परत येईन. लाडाने विचारून झालं, नातवाला पुढे करून झालं, व्हिसा कसा सोपा असतो हेही समजावून झालं. अण्णा ढिम्म.

या सगळ्यात त्यांचा एकच मित्र झाला होता. केन्जी-सान. आमच्याच गल्लीत, मुलीकडे राहणारे सत्तरीचे जपानी गृहस्थ. आमच्या वस्तीतल्या तळ्याभोवती सकाळी सगळे लोक घड्याळात पावलं मोजत चालतात. हे दोघेच थांबून पाण्यात बघत उभे राहायचे, म्हणून ओळख झाली. केन्जी-सान जपानच्या दक्षिणेकडच्या एका नदीच्या मुखापाशी वाढलेले, आणि मासेमारांच्या सोसायटीत त्यांनी आयुष्य काढलेलं. अण्णांना इंग्रजी येत नाही, केन्जी-सानना जेमतेम येतं, मराठी आणि जपानी यांच्यामध्ये तर नुसती मी, तीही जपानी न येणारी. तरी दोघे तासन्‌तास बोलायचे. हाताने माशाची लांबी दाखवायची आणि समोरच्याने मान हलवायची, एवढ्यावर मैत्री चालते हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"गुलवा," एक दिवस केन्जी-सान मला म्हणाले. "मरे रिव्हर, लास्ट पार्ट. बेस्ट पार्ट. सी फिश, रिव्हर फिश, बोथ कन्फ्यूज्ड."

नवरा आणि मुलगा सॉकरच्या मॅचला, आणि आम्ही तिघं गुलवाला, असं ठरलं.

शुक्रवार, गुलवा

मरे ही इथली सगळ्यात मोठी नदी. तीन राज्यांतून अडीच हजार किलोमीटर वळसे घेत येते आणि आमच्या अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला दीड तासावर समुद्राला मिळते. गुलवा हे तिच्या शेवटच्या टप्प्यावरचं गाव. एक लांबलचक लाकडी धक्का, जुनी रेल्वे, दोन बेकऱ्या आणि जिकडेतिकडे पेलिकन. हा पक्षी अण्णांना बघताक्षणी आवडला. चोचीखाली पिशवी घेऊन बाजाराला निघालेला दुसरा प्राणी त्यांनी पाहिला नव्हता.

नदीकाठच्या कॅरव्हान पार्कमध्ये स्वयंपाकघरासकट एक केबिन घेतली होती. दुपारी फिश अँड चिप्स आणले. अण्णांनी तो पिठात तळलेला तुकडा उलटापालटा करून बघितला.

"ह्याला थंडी वाजत होती का?"

"का हो?"

"एवढं गोधडीत गुंडाळलंय त्याला." मग एक घास खाऊन म्हणाले, "मासा ताजा हाय. पर मीठमिरची घालायची राहिली. सांग त्यास्नी."

मी काही सांगितलं नाही. भाषांतर करणाऱ्याला थोडं गिळावंही लागतं, असं तेव्हा मला वाटत होतं. केन्जी-साननी खिशातून सोया सॉसची चिमुकली पुडी काढून आपल्या तुकड्यावर ओतली आणि एक अण्णांपुढे धरली. त्यांच्या खिशात अशा पुड्या कायम असतात.

संध्याकाळी गळ, दांडी, दोरी, शिसं, गांडुळांचा डबा हे सगळं अण्णांनी टेबलावर मांडलं. मी मासेमारीचे नियम वाचून आले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात गळाने मासे धरायला लायसन लागत नाही, पण कोणता मासा किती लांबीचा हवा आणि किती ठेवायचे याला माप आहे. ते तक्ते मी छापून आणले होते. नियम वाचणं हा माझा धंदाच आहे, मी कशाला चुकतेय! अण्णांनी तक्ता हातात घेतला, त्यावरची चित्रं बघितली आणि खूश झाले. "शिस्त हाय," म्हणाले. दोन महिन्यांत या देशाला मिळालेली ही पहिली शाबासकी.

शनिवार, धक्का

सकाळी वारा असा, की चहा ओठापर्यंत येईतो गार. सप्टेंबरला इथे वसंत म्हणतात. धक्क्यावर आमच्या आधी एकच माणूस होता. लोकरी टोपी, लाल नाक, घडीची खुर्ची, बाजूला बादली. नाव टेरी. "गडे," म्हणजे गुड डे, एवढं म्हणाला आणि पाण्याकडे वळला. मासेमारांचं हे मला आवडतं, ओळख एका शब्दात उरकतात.

अण्णांनी गांडूळ लावलं, दोरी सोडली आणि उकिडवे बसले. त्या बसण्याने मी एकदम लहान झाले. धरणाच्या काठावर ते असेच बसायचे आणि मी दप्तर घेऊन बाजूला. दहा मिनिटंही झाली नसतील, दांडी वाकली. अण्णांनी घाई केली नाही. माशाला पळू दिलं, परत आणलं, पुन्हा पळू दिलं. शेवटी हातभर लांबीचा, जाड ओठांचा, पितळी रंगाचा मासा धक्क्यापाशी आला. अण्णांनी खालच्या पायरीवर उतरून तो दोन्ही हातांनी उचलला.

"सायप्रिनस!" अण्णा ओरडले. मॉसन लेक्समध्ये दोन महिने असा आवाज मी ऐकला नव्हता. "अगं वैशे, आपला सायप्रिनस! हितं कसा आला ह्यो?"

आमच्याकडे धरणात हा मासा सरकारने सोडलेला, बाजारात सगळे याच नावाने विकतात. इथे त्याला कार्प म्हणतात. केन्जी-सान टाळ्या वाजवत म्हणाले, "कोई! कोई!" त्यांच्याकडे त्याला तसं म्हणतात. तीन देशांचा एकच मासा बघून मला भरून आलं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. नव्या पाण्यावर गेलं की पहिला मासा नदीला परत द्यायचा. आजोबांनी घालून दिलेली ही रीत, अण्णांनी कधी मोडली नाही. घरात खायला नसेल त्या दिवशीही नाही. अण्णांनी गळ अलगद सोडवला, मासा कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटले, आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं. त्याने शेपूट हलवून जोर धरला तेव्हाच हात सोडले. मासा सावकाश, मानाने खाली गेला.

"नो, मेट! नो, नो, नो!" टेरी खुर्चीवरून उठला होता.

मला वाटलं, अण्णा पाण्यात पडतील म्हणून ओरडला. पण तो पाण्याकडे बोट दाखवत होता. आणि त्याच्या मागून, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडून, निळा गणवेश घातलेली एक बाई चालत येत होती. मासेमारी खात्याची ऑफिसर. शनिवारची फेरी.

"गुड मॉर्निंग. आत्ता जो मासा पाण्यात गेला, तो कार्प होता का?"

तेव्हा कुठे मला कळलं. कार्प हा इथला नाही. तो बाहेरून आलेला आणि नदीभर माजलेला. तो सापडला तर जिवंत परत सोडणं हा इथे गुन्हा आहे. माझ्या छापील तक्त्यांत लांबी होती, संख्या होती, पण हे कलम दुसऱ्या पानावर होतं आणि मी पहिलंच पान छापलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी!

माझ्या डोक्यात एका क्षणात काय काय आलं. दंड. अण्णांचा व्हिसा. माझा सिटिझनशिपचा अर्ज, जो गेले सात महिने कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. आणि मी हसून, सरळ तोंडाने म्हणाले, "ओह, सॉरी! तो हातातून निसटला. स्लिपरी, यू नो."

केन्जी-सान आपल्या बुटांकडे बघायला लागले. टेरीने नाक पुसलं. ऑफिसरबाईने वहीत लिहायला पेन उचललं आणि तेवढ्यात अण्णा म्हणाले, "काय विचारतीय ती?"

"काही नाही अण्णा. मासा कुठे गेला विचारतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, निसटला."

अण्णांचा चेहरा असा झाला, की मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला असता तरी बरं. "निसटला? माझ्या हातून?"

"अण्णा, हळू. इथे तो सोडणं गुन्हा आहे."

"गुन्हा असंल तर असू दे. पन्नास वर्सं हाय मी पाण्यावर. माझ्या हातातनं मासा निसटला म्हनून कागदावर लिवणार ती? खोडायला सांग. म्हणावं, मी सोडला. दोन्ही हातांनी सोडला. निसटला न्हाई."

धक्क्यावरचा पेलिकनसुद्धा मान वळवून बघायला लागला. मी ऑफिसरबाईला सगळं खरं सांगितलं. रीत सांगितली, कपाळाला लावण्याचं कारण सांगितलं, मी खोटं बोलले हेही सांगितलं, आणि शेवटी, मान खाली घालून, "माझ्या वडिलांचं म्हणणं आहे की त्यांच्या हातून मासा निसटत नाही," एवढं वाक्य जसंच्या तसं.

तिने पेन खाली ठेवलं. तोंड आवळून धरलं होतं, पण डोळ्यांत हसू होतं. मग गुडघे टेकून ती अण्णांच्या शेजारी बसली आणि पाण्याकडे हात करत बोलायला लागली. मी भाषांतर करत गेले. कार्प तळातला चिखल उकरतो, पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटून निघतात, मग इथल्या मूळच्या माशांना ना खायला उरत ना अंडी घालायला जागा. सोडलेली एक मादी लाखो अंडी घालते.

अण्णा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आमच्या चिलापीवानी."

धरणात चिलापी हा बाहेरचा मासा आला आणि वांब गेली, आहेर गेला, मरळ दिसेनाशी झाली, हे त्यांनी स्वतःच्या जाळ्यात बघितलं होतं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "मग चुकलं माझं. सांग तिला. नदीचं भलं करायला गेलो आन्‌ वाईट केलं."

ऑफिसरबाईने समज देऊन सोडलं. दंड नाही. जाताना मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरं पानही छापा." मी म्हटलं, नो वरीज. पण कान तापले होते.

दंड वाचल्याच्या आनंदात मी केबिनवर येऊन शिरा केला. अण्णांनी बशी पुढे ओढली नाही. गळाची दोरी त्यांनी नीट गुंडाळून पिशवीत ठेवली होती, शिसंसुद्धा काढलं होतं.

"वैशे, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

"अण्णा, अहो झालं ना ते! त्या काही रागावल्या नाहीत."

"रागाचं न्हाई गं. आमच्या पाण्यावर पोरं मला इचारायला येत्यात, दादा हे करू का, ते करू का. हितं नदीला काय चालतं आन्‌ काय न्हाई हे मलाच ठाव न्हाई. मग हितं बसून मी काय करू? सोफ्यावर किती बसायचं मानसानं?"

दोन महिने मी त्यांना गरम पाणी, मऊ गादी, मराठी चॅनेल सगळं दिलं होतं. त्यांचं माणूसपण कशात होतं, हे मात्र मी विसरले होते. शिरा गार झाला आणि मी सिंकपाशी उभी राहून उगाच भांडी घासत बसले. रडू येत होतं, ते नळाखाली चालून जातं.

बंधारा

चार वाजता दारावर टकटक. केन्जी-सान. त्यांनी अण्णांचे बूट उचलून त्यांच्या पायांपाशी ठेवले आणि फक्त म्हणाले, "अन्ना-सान. फिश स्टेअर्स."

"काय म्हनतोय?"

"माशांचा जिना आहे म्हणतात."

"माशाला जिना?" अण्णांनी बूट घातले.

गुलवाच्या खाली नदीवर एक बंधारा आहे. खालचं खारं पाणी वर येऊ नये म्हणून तो बांधला. पण मासे काही खारं-गोडं असा हिशेब ठेवून जन्मत नाहीत. कुणाला अंडी घालायला खाली जायचं असतं, कुणाला वाढायला वर. म्हणून बंधाऱ्याच्या कडेला त्यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांच्या खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीतून दुसरीत जायला उभी फट, त्यातून पाणी वाहतं, मासा एकेक खोली चढत वर जातो आणि दमला तर कोपऱ्यात विसावा घेतो. तिथल्या फलकावरचं मी वाचून दाखवलं. कोंगोली नावाचा एक छोटा मासा आहे. त्याच्या माद्या वर गोड्या पाण्यात राहतात आणि नर खाली खाडीत. थंडीत माद्या खाली उतरतात. दुष्काळात दारं बंद राहिली तेव्हा माद्या वर अडकल्या आणि कोंगोली जवळजवळ संपला होता. दारं उघडल्यावर पुन्हा वाढला.

अण्णा कठड्यावर वाकून पाण्याकडे बघत होते. "म्हंजे बाईला माहेरातनं निघायला बसच न्हाई, आन्‌ नवरा ष्टँडावर उभा." मग म्हणाले, "आमचं धरण बांधलं तवा मानसांना तरी नोटिसा दिल्या. माशांना कुनी इचारलं न्हाई."

मी हे केन्जी-सानना सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत आपल्या नदीबद्दल सांगायला लागले. मुखापाशी त्यांच्याकडेही असाच बांध आहे. वसंतात बोटभर लांबीचे आयू मासे समुद्रातून वर चढतात, तेव्हा गावातली माणसं बांधावर उभी राहून बघतात. शरद ऋतूत तेच मोठे होऊन खालच्या अंगाला उतरतात, गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात आणि मरतात. सगळा कारभार एका वर्षाचा. ताज्या आयूला काकडीचा वास येतो.

"काकडीचा?" अण्णांनी मला पुन्हा विचारायला लावलं. केन्जी-साननी ओंजळ नाकाशी नेऊन डोळे मिटले. खरंच काकडीचा.

"मग त्याची कोशिंबीर करत्यात का?"

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. कोशिंबीर म्हणजे काय इथपासून सुरुवात. पण पोहोचलं तेव्हा केन्जी-सान इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. परतताना दोघे माझ्या पुढे चालत होते, हातांनी लांब्या दाखवत. तिकिटाचा विषय मी काढला नाही. अण्णांनीही काढला नाही, पण गळाची पिशवी तशीच बांधलेली होती.

रविवार, कालवण

सकाळी अण्णा आंघोळ करून, गळ न घेता, धक्क्यावर निघाले. मी मागे. टेरी होताच. त्याच्या बादलीत तीन कार्प पडले होते, डोक्यात सोटा घालून मारलेले.

"ह्याचं काय करनार तो?" अण्णांनी विचारलं.

टेरी म्हणाला, लिंबाच्या झाडाखाली पुरतो. झाड एकदम भारी वाढलंय.

"खात न्हाई?"

"मड, मेट," टेरीने तोंड वाकडं केलं. "चिखल खाल्ल्यासारखं लागतं."

अण्णांनी माझ्याकडे वळून एकेक शब्द सावकाश उच्चारला, म्हणजे मी काही गाळू नये. "त्याला म्हण, मारलं तर खायचं. एक मला दे. चिखल काढायला मला येतो."

टेरीने सगळ्यात मोठा काढून दिला. तासाभरात केबिनच्या ओट्यावर युद्ध पेटलं. अण्णांनी खवले काढले, कातडं सोललं, अंगाच्या कडेचा काळसर पट्टा सुरीच्या टोकाने उचलून टाकला, तुकडे मीठ-हळदीत चोळून चिंचेच्या पाण्यात ठेवले. आईने बॅगेत दिलेलं काळं तिखट होतंच. अ‍ॅडलेड विमानतळावर त्या डब्याची अर्धा तास चौकशी झाली होती, ती आता सार्थकी लागली. दुसऱ्या शेगडीवर केन्जी-सान मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी, घालून उरलेल्या तुकड्यांचं सूप करत होते. त्यांच्या गावी बाळंतिणीला देतात म्हणे. दोन म्हातारे एकमेकांच्या पातेल्यात डोकावत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं मीठ कमी वाटत होतं.

टेरीला जेवायला बोलावलं होतं. तो कुतूहलापेक्षा सभ्यतेपोटी आला असावा. कालवणाचा पहिला चमचा त्याने औषधासारखा घेतला. मग दुसरा. मग तो पाणी प्यायला, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि बशी पुढे केली. काटे फार आहेत, तेवढं सांभाळ, असं मी म्हणतेय तोवर भातावर रस्सा घेऊन त्याची दुसरी बशी निम्मी झाली होती.

"नॉट बॅड," तो म्हणाला.

"काय म्हनला?"

"वाईट नाही म्हणतात."

अण्णांचं तोंड पडलं. मग मला सांगावं लागलं की या देशात 'नॉट बॅड'च्या वर काही पदवी नाही. टेरी जाताना अण्णांना म्हणाला, पुढच्या शनिवारी आणखी चार-पाच मिळतील, आणि मला मसाला कसा करायचा ते शिकवा. मी हे भाषांतर करताना अण्णांकडे बघितलं. त्यांनी नुसतं "बघू" म्हटलं. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असतो, त्यामुळे मी फार आशा केली नाही.

मुख

परतायच्या आधी नदीचं मुख बघायचं राहिलं होतं. पूल ओलांडून नदीतल्या बेटाच्या टोकाला गेलो. पुढे वाळूचे उंच पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक फट. त्यातून पलीकडे समुद्राच्या पांढऱ्या लाटा.

"हेच तोंड? एवढ्या नदीचं?" अण्णा उभ्या जागी थबकले. अडीच हजार किलोमीटर आलेली नदी, आणि शेवटी गावच्या ओढ्याएवढी वाट. फटीच्या अलीकडे एक यंत्र वाळू उपसत होतं. उपसलं नाही तर समुद्र वाळू आणून दार लावून घेतो, म्हणून ते चालूच ठेवावं लागतं. अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्याकडं नदी अडवायला यंत्रं लावत्यात. हितं सोडायला लावलंय."

केन्जी-साननी किनाऱ्यावरून गळ टाकला. अण्णा हात मागे बांधून शेजारी उभे राहिले. थोड्या वेळात एक चंदेरी बोय मासा लागला, छान वितभराचा. केन्जी-सान तो ओढून आणतायत, तोच पाण्यातून एक काळं, मिश्यांचं, चकचकीत डोकं वर आलं, बोय गट्‌कन पकडला आणि दोरी तोडून निघून गेलं. सील होता. केन्जी-सान दांडी हातात धरून तसेच उभे.

"कुत्रं!" अण्णा ओरडले. "पान्यातलं कुत्रं! हाण त्याला!" आणि स्वतःच इतके हसायला लागले की वाळूत बसले. केन्जी-सान जपानीत काहीतरी बोलले, त्याचं भाषांतर मला येत नाही आणि येऊ नये असंच वाटतं.

हसू ओसरल्यावर केन्जी-सान अण्णांच्या शेजारी बसले आणि वाळूत बोटाने एक मासा काढला. काढतच गेले. डोक्यापासून निघून सरकत सरकत शेपटीपर्यंत पोचेतो तो जवळजवळ अण्णांच्या लांबीचा झाला.

"मुलोवे," ते म्हणाले. या मुखाचा राजा. त्याच्या शास्त्रीय नावात जपान आहे, आणि त्यांच्या गावच्या नदीच्या मुखातही हाच मासा येतो, तिकडे त्याला ओनिबे म्हणतात. केन्जी-सानच्या वडिलांनी एकदा धरला होता, त्यांना स्वतःला अजून जमलेला नाही.

अण्णा चित्राच्या कडेने चालत गेले. दोन्ही टोकं बघून आले. "कधी येतो ह्यो?"

केन्जी-साननी सांगितलं, उन्हाळा उलटताना. वरून गोडं पाणी सुटलं की ते या फटीतून समुद्रात जातं, आणि त्याच्या मागावर मुलोवे बाहेरून आत येतात. मार्च, एप्रिल. त्या वेळी इथे सकाळी सकाळी उभं राहायचं. धरलेला मासा मापाला कमी पडला तर मात्र परत सोडायचा, कायदा आहे.

"सोडायचा?" अण्णांनी खात्री करून घेतली. "जित्ता?"

"होय, अण्णा. हा इथलाच आहे. लहान असला तर सोडावाच लागतो."

अण्णा काही वेळ फटीकडे बघत राहिले. गोडं पाणी बाहेर जात होतं आणि लाटा आत येत होत्या, मधे पाण्याचा रंग मातकट आणि हिरवा असा कातरल्यासारखा वेगळा दिसत होता. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. तिकिटाबद्दल विचारावं की नको, हेच माझ्या मनात चाललं होतं. अण्णा बोटांची पेरं मोजत होते. कसली मोजणी ते मला कळेना.

"मार्च म्हंजे फागून," ते शेवटी म्हणाले. "एप्रिल म्हंजे चैत." मग केन्जी-सानकडे तोंड करून, पण मला उद्देशून: "वैशे, ह्याला सांग. चैतात मी परत येतोय. तवर त्यानं मोठा गळ बघून ठेवावा, आन्‌ दोरी ह्या कुत्र्यांना तुटणार न्हाई अशी. आन्‌ हेबी सांग, की मधल्या काळात माझ्या पोरीवर इस्वास ठेवायचा न्हाई. बापाला वाचवायला ती हातातला मासा निसटवती."

केन्जी-सान वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.